दळव्यांच्या बागेतली वाट

तालुक्याच्या कोर्टात नकलेच्या खिडकीमागे मथुरा परब बसायची. गोड बोलून तिच्याकडून काम काढता येत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, आणि आवाज चढवून तर मुळीच नाही. चहा पाजून मथुरेला वळवू म्हणणारे पुष्कळ आले आणि आपापला चहा पिऊन गेले. अर्ज नीट भरलेला हवा, दाव्याचा नंबर हवा, तिकीट लावलेलं हवं. एवढं असलं की समोर काळा कोट असो, नाहीतर बांद्याहून एसट्या बदलत आलेली एखादी म्हातारी असो, नक्कल ठरल्या दिवशी हातात पडायची.

नक्कल म्हणजे कोर्टातल्या कागदाची शिक्का मारलेली खरी प्रत. मूळ कागद रेकॉर्ड रूममध्ये लाल रुमालात बांधलेला राहतो. बाहेर जाते ती नक्कल, आणि तिच्याखाली नकलेच्या कारकुनाची सही असते. लोकांना वाटतं कोर्ट म्हणजे न्यायाधीश आणि वकील. अहो, न्यायाधीश तीन वर्षांनी बदलून जातात आणि वकील फी संपली की दिसत नाहीत. मागे उरतो तो कागद, आणि त्याला घरातल्यासारखं सांभाळणारं कुणीतरी लागतं. पावसाळ्यात रुमालांना बुरशी धरते म्हणून ही बाई सुट्टीच्या दिवशी येऊन फडताळांत निगडीचा पाला घालायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी कधी शाबासकीही दिली नाही.

एक गोष्ट मात्र ती कधी करत नसे. ती सल्ला देत नसे. "कागदात काय आहे ते मी सांगेन. तुम्ही काय करायचं ते वकिलाला विचारा," एवढं म्हटलं की मान खाली. रडणारी माणसं यायची, हातापाया पडायची, तरी ती ह्यापुढे एक शब्द बोलायची नाही. कारकुनानं एकाला सल्ला दिला की तो दुसऱ्याचा वैरी झाला, असं तिचं म्हणणं. कोर्टात ती अशी शुद्ध बोलायची. संध्याकाळी एसटीत बसली की पहिला थांबा यायच्या आत मालवणी सुरू व्हायची.

घर कातळवाडीत. लग्न झालं नव्हतं. का नाही, ते विचारणारी माणसंच आता उरली नव्हती. आई सीता, धाकटा भाऊ महादू आणि महादूची बायको, एवढी माणसं. वडील भिकाजी परब जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई आता अंथरुणाला लागली होती. दुखणं असं काही नव्हतं. वय झालं होतं, दिवा बारीक होत चालला होता, आणि हे तिला स्वतःला सगळ्यांत आधी कळलं होतं. कोकणातल्या म्हाताऱ्या मरणाबद्दल भाताच्या लावणीसारखं बोलतात. सीतेनं लेकीला जवळ बोलावून एवढंच सांगितलं होतं:

"तुझो बापूस गेलो त्याच वाटेन माका न्हेवा गो. दुसऱ्या वाटेन गेलंय तर तो माका गावचो नाय."

वाट चुकली तर नवरा पुढं भेटणार नाही, ही तिची धास्ती. ती वाट दळव्यांच्या बागेतून जायची. परबांची घरं खाली शेताच्या कडेला, वर दळव्यांचं घर आणि काजूची बाग, आणि बागेच्या पलीकडे खाडीच्या अंगाला मसण. परबांकडचं माणूस गेलं की तिरडी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खिंडीतून बागेत शिरायची, दळव्यांच्या घरापुढच्या खळ्यावरून पुढं जायची. दळव्यांच्या घराची एक रीत होती. तिरडी यायची असली की घरातलं सगळ्यांत वडील माणूस खळ्यात येऊन बसायचं आणि ती गेली की तांब्याभर पाणी वाटेवर ओतायचं. दुसरा रस्ता नव्हता असं नाही. पण तो डांबरी, टेकाडाला वळसा घालून, एसटीच्या थांब्यावरून, कुणी मेलेल्या माणसाला न्यावं असा नव्हे.

गणपती झाल्यावर एक दिवस त्या खिडकीशी दळव्यांचा सुशांत येऊन उभा राहिला. विश्राम दळव्यांचा नातू. पोरगा वाईट नव्हता हो. गोव्यात हॉटेलात राबून चार पैसे गाठीला बांधून परत आला होता, आणि काजूच्या बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या मागे लागला होता. खाडी समोर दिसते, पाहुणे येतील, घर उभं राहील, एवढंच त्याचं स्वप्न. आता पाहुणा आंबोळी खात बसलाय आणि समोरून तिरडी चाललीय, हे कसं जमायचं? घरातल्या जुन्या पेटीत त्याला एक पोस्टकार्ड सापडलं होतं, आजोबांच्या कुणा जुन्या वकिलाचं. त्यावर दाव्याचा नंबर आणि निकाल लागल्याची एक ओळ होती. मथुराआते म्हणून त्यानं हाक मारली, आईची चौकशी केली, आणि त्या नंबरच्या निकालाची नक्कल पाहिजे म्हणून अर्ज दिला. आत काय आहे ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

मथुरेनं रुमाल सोडला. विश्राम दळवी, वादी. भिकाजी परब, प्रतिवादी. बागेतून जाण्यायेण्यास कायमची मनाई, हुकूम एकतर्फी.

ती खाली बसली. बापावर दावा झाला होता हे तिला अंधुक आठवत होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची असेल. गडग्यावरून भांडण झालं होतं, विश्रामकाका रागानं वकिलाकडे गेला होता, कोर्टात त्याची जबानीही झाली होती. मग गावानं दोघांना रवळनाथासमोर उभं केलं. देवाचा कौल झाला, वाट मोकळी ठेवायची. दोघांनी नारळ फोडले, एकमेकांना खोबरं भरवलं, आणि भांडण मिटलं. देवासमोर मिटलेलं भांडण कोर्टात चालूच आहे, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. कोर्टाला कुणी कळवलंच नाही. आता देवाच्या देवळात आणि सरकारच्या कोर्टात काही टपाल चालतं का?

रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ती तारीख होती. प्रतिवादी पुकारले, गैरहजर. पुन्हा पुकारले, गैरहजर. कोर्टाच्या दारात शिपाई कसा पुकारतो हे मथुरा अर्धा जन्म ऐकत आली होती. त्या रिकाम्या व्हरांड्यात आपल्या बापाचं नाव कसं घुमलं असेल ते तिला तिथं बसल्या बसल्या ऐकू आलं. आणि बाप त्या वेळी कुठं होता? त्या पावसात परबांचा आणि दळव्यांचा नांगर एकत्र चालला होता. विश्रामकाकाचे बैल, बापाची माणसं. ज्यानं दावा लावला आणि ज्याच्यावर लावला ते दोघं एका चिखलात उभे होते, आणि इकडे कोर्ट त्यांचा निकाल लावत होतं. वकील बिचारा इमानी. त्यानं हुकूम घेतला आणि कार्ड टाकलं. विश्रामकाकाला वाचता येत नव्हतं, वाचून घ्यावं असं वाटलंही नाही. कार्ड पेटीत गेलं.

एक शब्द पुरला असता. ‘सापडत नाही’, एवढंच सुशांतला सांगायचं. जुन्या रेकॉर्डचा निम्मा भाग कधीतरी गळक्या छपरात भिजून गेला होता, कुणी शंका घेतली नसती. सुशांत हळहळून निघून गेला असता, खोल्या वाट सोडून गडग्याच्या आतल्या अंगाला बांधल्या असत्या, आणि आईची तिरडी बापाच्या वाटेनं गेली असती. मथुरेच्या मनात हे आलं नाही असं म्हणणारा खोटं बोलेल. आलं, आणि चांगलं ठाण मांडून बसलं. शिपाई दार लावायला आला तरी ती तशीच बसलेली.

पण ‘सापडत नाही’ हा शब्द काय करतो हे तिनं पाहिलं होतं. तिच्या आधीचा कारकून तो शब्द पान खाता खाता टाकायचा. त्याच्यापायी एक विधवा बाई वर्षानुवर्षं खिडकीशी येत राहिली होती, आणि तिचा कागद मथुरेला पहिल्याच महिन्यात मिळाला होता, तेव्हा त्या बाईची जमीन हातची गेलेली होती. त्या बाईनं रागाचा शब्द काढला नाही, नुसतं बरं म्हणाली. त्या दिवसापासून मथुरेनं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. मग आता स्वतःसाठी काढायचा?

दुसऱ्या दिवशी तिनं अधीक्षकांना सांगितलं की हे प्रकरण माझ्या घरचं आहे, नक्कल दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. अधीक्षक म्हणाले की दुसरं कोण आहे, जागा रिकामी पडून वर्ष झालं, आणि तुमच्या वडिलांचं नाव आहे म्हणून कागदातलं अक्षर बदलणार आहे का? त्यांचंही बरोबर होतं. मथुरेनं नक्कल ताडून पाहिली, शिक्का मारला, सही केली, आणि सुशांतच्या हातात दिली.

महादूला सांगितलं तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं. बाहेरच्या खोलीत आई पडलेली, तिला ऐकू जाईल म्हणून बायकोनं त्याला मागच्या दारी ओढून नेलं. तू दिलंसच कसं, नोकरी तुला आईपेक्षा जड झाली काय, असं सगळं बोलून झालं. मथुरेनं ऐकून घेतलं. मग महादूनं जे केलं ते कातळवाडीत कुणीही केलं असतं. त्यानं देवाला गाऱ्हाणं घातलं. मानकरी जमले, गावातली जाणती माणसं जमली, गुरवानं मूर्तीला पाण्यानं फुलांच्या कळ्या लावल्या, उजवी पडली तर वाट मोकळी. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला गावानं व्हय म्हाराजा म्हणून हुंकार भरला, आणि उजवी कळी पडली. महादू हसत घरी आला. सगळ्या वाडीचा जीव भांड्यात पडला.

मथुरा भाताच्या तांदळातले खडे निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"देवान सांगितल्यान, बरा झाला. पण ह्या कोर्टाक कोण सांगतलो?"

"देवापरास कोर्ट मोठा काय गो?" महादू म्हणाला.

बापानं चाळीस वर्षांपूर्वी हेच म्हटलं असणार. मथुरेला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तिला माहीत होतं की सगळ्याला एक कागद पुरेसा आहे. त्याला पुरसीस म्हणतात. ज्याच्या बाजूनं हुकूम झाला त्यानं कोर्टात येऊन दोन ओळी लिहून द्यायच्या, आमचं आपसांत मिटलं आहे, मला हा हुकूम बजावायचा नाही. झालं, गंगेत घोडं न्हालं. पण तो कागद विश्रामकाकानं द्यायला हवा. आणि त्याला सांगणार कोण? महादू सांगणार नव्हता, कारण देवानं सांगितल्यावर दळव्यांच्या दारात जाणं त्याला हलकेपणाचं वाटत होतं. उरली मथुरा. जिच्याकडे दळव्यांनी अर्ज दिला, जिनं त्यांना नक्कल दिली, तिनंच आता उठून त्यांना सांगायचं की तो हुकूम सोडा? हा सल्ला नव्हे तर काय?

तरी ती एकदा गेली. विश्रामकाका खळ्यात उन्हाला बसला होता. नव्वदीला टेकलेला, कानानं अधू, पण नजर ताठ. सुशांतच्या बायकोनं कोकम सरबत आणून दिलं. म्हातारा सीतेची चौकशी करत राहिला, जेवते का, बोलते का, ओळखते का. सुशांत मागच्या खांबाला टेकून उभा होता. मथुरेनं पुरसीसचा विषय काढलाच नाही. ती सरबताचा पेला पालथा घालून उठली. येताना तिनं मनाला समजावलं की आईला हल्ली बरं वाटतंय, दिवाळी होऊ दे, मग बघू. माणूस स्वतःला असंच फसवतं. कागदाच्या बाबतीत जिनं कधी उद्याचा वायदा केला नाही, तिनं आईच्या बाबतीत केला. ह्याचं दुःख तिला पुढं आयुष्यभर पुरलं.

दिवाळी झाली, आणि तुळशीच्या लग्नाच्या आधी एका सकाळी सीता गेली. पेजेचा घोट घेतला, मान कलती केली, संपलं. गाव जमला. तिरडी बांधली. महादूनं मडकं धरलं आणि माणसं नेहमीच्या वाटेनं चढू लागली. बायकांनी गडग्यापर्यंत यायचं आणि तिथून मागं फिरायचं, अशी कातळवाडीची पद्धत, म्हणून मथुरा मागून चालली होती.

गडग्याच्या खिंडीला लोखंडी गेट लागलं होतं. गेटात सुशांत उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण गेटाला कुलूप होतं आणि हातात नक्कल होती. आज उघडलं तर कायमचं उघडलं, असं त्याला वकिलानं बजावलेलं असणार. माणसं भडकली. कुणी कुलपाला दगड घालायला निघाला, कुणी गेटच उचलून टाकूया म्हणाला. आणि खरं सांगायचं तर टाकलंही असतं. पंचवीस माणसांपुढं एक गेट ते काय. सुशांतनं कागद उंच धरला आणि माणसांच्या डोक्यांवरून मथुरेकडे पाहिलं.

"आते, माका वायट दिसता. पण हुकूम आसा. खाली सही तुमचीच आसा."

सगळी माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. आईचा चेहरा उघडा होता, कपाळावर कुंकवाऐवजी अबीर. मथुरेला वाटलं की आत्ता जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. एक शब्द, आणि पंचवीस हात गेटाला लागले असते. कुणी तिला दोष दिला नसता, कोर्टानंही नाही, कोर्ट काय तिथं बघायला आलं होतं? पण ज्या कागदावर आपण खरा म्हणून सही केली तो आपल्याच आईसाठी खोटा म्हणायचा, तर मग इतकी वर्षं त्या खिडकीत बसून आपण काय केलं? तो हुकूम अन्यायाचा होता. पण तो होता.

"सही माझीच आसा," ती म्हणाली. "हुकूम खरो आसा. रस्त्यान चला."

महादूनं बहिणीकडे अशा नजरेनं पाहिलं की तसं त्यानं पुन्हा कधी पाहू नये. "आवस आसा ती तुझी," एवढंच बोलला. आणि मग त्यानंच पहिल्यांदा पाठ फिरवली, कारण घरच्याच माणसानं नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी काय करायचं? तिरडी उतरली, शेतातून रस्त्याला लागली. एसटीच्या थांब्यावरून गेली. मोटरसायकली बाजूनं काढत होत्या, आणि मालवणकडे निघालेल्या कुणा पर्यटकाच्या गाडीनं मागून हॉर्नही वाजवला. डांबरी रस्त्यावर बायकांनी कुठं थांबायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून मथुरा टेकाडाच्या वळणापर्यंत गेली, आणि तिथं रस्त्याच्या कडेला बसून एखाद्या पोरीसारखी रडली. तो माका गावचो नाय, हे आईचं बोलणं तिच्या कानातून जाईना.

त्याच वेळी वर दळव्यांच्या खळ्यात विश्रामकाका तांब्या घेऊन बसला होता. सीता गेल्याचं त्याला सकाळीच कळलं होतं. तो सोवळं नेसून तयार होता. तिरडी येईल, आता येईल, म्हणत ऊन डोक्यावर आलं. नातसुनेनं आत चला म्हटलं, तो उठेना. शेवटी त्यानं विचारलं की कुणी अडवलं. मग सुशांतनं कानाशी जाऊन सांगितलं. तुम्हीच अडवलंय, आजोबा. कोर्टातून.

सुतक फिटून मथुरा कामावर आली त्या दिवशी खिडकीशी म्हातारा उभा होता. एका हातात काठी, दुसरा हात सुशांतच्या खांद्यावर. सुशांतची मान वर होत नव्हती.

"सीता माझ्या दारावरना जावक नाय," विश्रामकाका म्हणाला. कानानं अधू माणूस मोठ्यानं बोलतो, साऱ्या व्हरांड्यात ऐकू गेलं. "मी पाणी घेवन बसललंय. देवाक तेवां सांगितललंय, कोर्टाक सांगूचा रवला. कोणाक सांगूचा, ता सांग."

मथुरेनं पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा आपला नियम मोडला. तिनं त्याला पुरसीस हा शब्द सांगितला, आणि बाहेर वडाखाली बसणाऱ्या वकील चारुताकडे बोट दाखवलं. चारुतानं दोन ओळी लिहिल्या, म्हाताऱ्यानं अंगठा उठवला. न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी स्वखुशीनं देताय का म्हणून विचारलं, ते सुशांतनं कानात सांगितलं, आणि म्हाताऱ्यानं मालवणीत जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नव्हतं, पण अर्थ होकाराचा होता. हुकूम संपला. चाळीस वर्षं जो गळ्यात होता तो चहा निवायच्या आत संपला. इतकं सोपं होतं ते.

जाताना म्हातारा पुन्हा खिडकीशी आला. सुशांत रिक्षा बघायला गेला होता. विश्रामकाकानं खिडकीच्या गजाला धरलं आणि आपल्या मानानं हळू आवाजात बोलला.

"मी मेलंय तर माका रस्त्यान न्हेवक सांग. सीतेक जी वाट गावली नाय, ती माका नको."

मथुरेनं सांगितलं की काका, हे घरच्यांना सांगा, लिहून ठेवा, असं तोंडी कोण मानणार? त्यानं मान हलवली.

"तू आयकलंस मा? मग झाला."

गेटाचं कुलूप निघालं. सुशांतनं खोल्या बांधल्या, गडग्याच्या आतल्या अंगाला. महादू बहिणीशी बोलायला लागला, आधी कामापुरतं, मग शिमग्याच्या तयारीत थोडं जास्त. काजूला मोहोर आला, बी धरली, आणि फाल्गुनात विश्रामकाका झोपेतच गेला.

गाव जमला तसे परबही वर गेले. मरण हे मरण, तिथं भांडण नाही. दळव्यांना मसण लांब नव्हतं. खळ्यातून उतरायचं, बाग ओलांडायची, की खाडी. तिरडी उचलली आणि माणसं सवयीनं बागेकडे वळली. मथुरा बायकांतून पुढं आली आणि सुशांतच्या समोर उभी राहिली. म्हाताऱ्यानं काय सांगितलं होतं ते तिनं सांगितलं. सुशांत गोंधळून गेला. इतकी माणसं, इतकं ऊन, आणि स्वतःची बाग समोर असताना टेकाडाला वळसा? आजोबा घरात कुणाला काही बोलले नव्हते.

"खंय लिवलेला आसा, आते?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता.

"लिवलेला खंय नाय," मथुरा म्हणाली. "माका सांगितल्यानी."

मग पुढच्या दांड्याला खांदा दिलेला माणूस सावकाश वळला, आणि त्याच्याबरोबर बाकीच्यांना वळावं लागलं. विश्राम दळव्यांची तिरडी स्वतःच्या बागेला पाठ करून डांबरी रस्त्याला लागली. पुढचा खांदा महादूचा होता.